२०० ग्रॅम मेतकुटाला केवढं खोकं? गृहउद्योगाच्या पॅकिंगबद्दल सल्ला हवा

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. चिपळूणजवळ आमचा छोटा गृहउद्योग आहे. सासूबाईंनी सुरू केलेला, आता मी आणि जाऊबाई बघतो, जोडीला गावातल्या पाच-सहा जणी. मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आणि मे महिन्यात आंबापोळी-फणसपोळी. माल हायवेवरच्या दोन-तीन दुकानांत जातो, दादरला एका दुकानात जातो, थोडा कुरिअरने.

मालाबद्दल काही विचारायचं नाहीये, तो हातचा आहे. डोकेदुखी आहे पॅकिंगची.

दादरच्या दुकानदारांनी यंदा कळवलंय की मेतकुटाचं नुसतं पाकीट चालणार नाही, खोक्यात द्या, आणि खोकं ‘जरा भरदार’ पाहिजे. नमुना म्हणून कुणा दुसऱ्याचं रिकामं खोकं पाठवलं. आमचं २०० ग्रॅमचं पाकीट त्यात सोडलं तर ते तळाशी जाऊन आडवं झालं आणि वर माझी मूठ मावली. छपाईवाल्याचा दर आला: मॅट लॅमिनेशन, सोनेरी अक्षरं, पुढे पारदर्शक खिडकी, हजार नग घेतले तर साडेआठ रुपये नग. २०० ग्रॅम मेतकुटाच्या भाजण्या-दळण्याची मजुरी आम्ही बायकांना देतो ती एवढी होत नाही. म्हणजे आत हात चालवणारीपेक्षा बाहेरचा पुठ्ठा महाग. हा हिशोब मी जाऊबाईंना सांगितला तर त्या म्हणाल्या, “मग मेतकूट कशाला, खोकीच विकू.”

आंबापोळीची तर आणखी तऱ्हा. दोन पोळ्यांमध्ये प्लॅस्टिकचा कागद, मग पाकीट, मग डबा, डब्यावर चकचकीत फिल्म, आणि दुकानात वरून पिशवी. पोळी एक आणि अंगावर कपडे पाच, जणू महाबळेश्वरला निघाली आहे.

मला याचा राग येण्याला एक कारण आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचा खालचा गाळा पाण्यात गेला. पाणी उतरल्यावर कुंपणांना, पेरूच्या फांद्यांना, शटरच्या पट्ट्यांना जे लटकत होतं त्यात कपडे थोडे आणि वेष्टनं फार. आमच्या लेबलाची होती, मोठ्या कंपन्यांचीही होती. पुढे परसात आळी करायला घेतली तेव्हा मातीतून बिस्किटाचा कागद निघाला, त्यावरची ‘२० टक्के मोफत’ ही अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. त्या दिवसापासून कुठलंही पाकीट हातात घेतलं की हे कुठे जाणार, एवढंच मनात येतं.

तर विचारायचंय असं: खोक्याशिवाय शहरातल्या दुकानात माल टिकतो का? आतलं पाकीट कागदी केलं तर चालेल का? (आमच्याकडे पावसाळ्यात बरणीतलं मीठसुद्धा पाणी सोडतं, हे लक्षात घेऊन सांगा.) आगळाच्या काचेच्या बाटल्या परत घेण्याची कुणी व्यवस्था बसवली आहे का? आणि ‘विघटनशील’ पाकिटं विकणाऱ्यांचे सारखे फोन येतात, त्यांचं किती खरं मानायचं?

बोर्ड_आणि_गोंद

ताई, मी भोसरीत खोकी बनवतो. त्यामुळे मी सांगतोय ते माझ्याच गल्ल्याच्या विरुद्ध आहे हे धरून वाचा.

खोक्याला प्रामाणिक कामं तीनच. एक, आतली वस्तू चेपू न देणं. दोन, माल एकावर एक रचता येणं. तीन, कायद्याने जे छापावं लागतं त्याला जागा देणं. मेतकूट ही पूड आहे, ती चेपून काय बिघडणार? छापायचा मजकूर म्हणजे वजन, कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंमत, तारीख, घटकपदार्थ, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक, पत्ता, तक्रारीसाठी फोन. हे सगळं पाकिटाच्या पाठीवर बसतं. राहता राहिलं रचणं, त्याला दुसरा उपाय आहे. बाकी तुमच्या नमुन्यात जे आहे तो निव्वळ थाट. ‘भरदार’ हा शब्द आमच्याकडे रोज येतो. आतला माल वाढवायचा नसतो तेव्हा तो जास्त येतो.

एक गोष्ट मात्र सरसकट बोलू नका. वेफर्सच्या पाकिटातली हवा म्हणजे फसवणूक, असं लोक म्हणतात. तो नायट्रोजन असतो. तेल खवट होऊ नये आणि काप मोडू नयेत म्हणून भरतात. किती भरावा यावर वाद घाला, पण तो काढून टाकला तर हातात चुरा येईल. पिठाच्या खोक्यातल्या रिकाम्या जागेला असं कुठलंच कारण नाही.

आता आतलं पाकीट. इथे मी तुम्हाला नाराज करणार. मेतकूट कोकणात नुसत्या कागदात ठेवलंत तर श्रावणापर्यंत गोळे होतील. आणि बाजारात जे खाकी, ‘नैसर्गिक’ दिसणारं कागदी पाकीट मिळतं ते नखाने कोपऱ्यात सोलून बघा. आत प्लॅस्टिकचा थर असतो, कधी त्याच्या आत चंदेरी, म्हणजे ॲल्युमिनियमचाही असतो. कागद आणि प्लॅस्टिक एकमेकांना चिकटले की कागदाच्या गिरणीला ते नको आणि प्लॅस्टिकवाल्यालाही नको. दिसायला गांधीवादी, वागायला साध्या पिशवीपेक्षा वाईट.

साधं पॉलिथीन ओल चांगली अडवतं, वास अडवत नाही. म्हणून हिंग-मेथीचा माल पॉलिथीनमध्ये ठेवला की आठवड्याभरात कपाटाला वास आणि मालाला नाही. त्यासाठी बाहेरून पेट (पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक) आणि आतून पॉलिथीन असं जोडपाकीट लागतं, आणि त्याला भंगारात भाव नाही. हा पेच खरा आहे, तुमच्या नगांच्या हिशोबात त्याला आज स्वस्त तोड नाही. पण आमसुलांना हे जोडपाकीट लागतच नाही. जाड पॉलिथीन पुरे. चंदेरी तर आमसुलांना नकोच, मीठ आणि आंबट दोन्ही आहे, सीलला बारीक भोक पडलं की ॲल्युमिनियम खातं. कुळथाच्या पिठाला वासाचं एवढं कौतुक नाही, तिथेही एकाच जातीचं पॉलिथीन चालवा.

आणि सगळ्यात सोपं, ज्यावर कुणी बोलत नाही: पाकीट मोठं करा. २०० ऐवजी ५०० ग्रॅम केलंत तर माल अडीचपट आणि फिल्म मात्र दुपटीच्याही आत लागते. रोजच्या गिऱ्हाईकाला तेच परवडतं.

विघटनशीलवाल्यांना दोनच गोष्टी विचारा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र आणि आयएस १७०८८ (कुजणाऱ्या प्लॅस्टिकचं मानक) ची चाचणी. निम्मे तिथेच फोन ठेवतात. उरलेल्यांची पाकिटं कुजतात, पण त्यासाठी मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली उष्णता लागते. तुमच्या परसातल्या आळ्यात ती बराच काळ तशीच राहतील.

वाशिष्ठीकाठ

खाकी पाकिटाचा नमुना माझ्या टेबलावरच होता. सोलला. निघाला की हो आतून पापुद्रा! आणि विकणाऱ्याने त्यावर हिरवं पान छापलंय. धन्यवाद दादा. ५०० ग्रॅमचं माझ्या डोक्यात होतं, पण पर्यटक मोठं पाकीट उचलत नाहीत, ‘चव बघायला’ लहानच मागतात. दोन्ही ठेवावी लागतील.

वाणीकाका

डोंबिवलीत माझं किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं. दुकानदाराची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

तुमच्या दादरवाल्यांना शिव्या देऊ नका. नुसतं पाकीट फळीवर उभं राहत नाही. एक काढलं की चार घसरतात, पोरगा दिवसभर तेच लावत बसतो. मागे पडलेलं पाकीट तारीख उलटल्यावर सापडतं आणि ते नुकसान माझ्या माथी. खोकं उभं राहतं, नाव समोर दिसतं, मोजदाद सोपी. शिवाय तुमच्या मालाला दादरमध्ये भेट म्हणून गिऱ्हाईक आहे. पुण्याहून-ठाण्याहून आलेला माणूस अमेरिकेतल्या मुलीसाठी घेतो. त्याला खोकं हवंसं वाटतं, हे नाकारून चालणार नाही.

पण खोकं हा त्याचा एकच उपाय नाही. मला एक पापडवाल्या बाई माल देतात. त्यांचं मोठं पुठ्ठ्याचं खोकं येतं त्याला पुढून तिरकी कापरेषा असते. वरचं झाकण आणि पुढचा तुकडा फाडला की तोच ट्रे होतो. सरळ उचलायचा, फळीवर ठेवायचा. बारा पाकिटं ताठ उभी, ट्रेच्या पुढच्या पट्टीवर त्यांचं नाव. माल संपला की ट्रे रद्दीत, त्याला भाव मिळतो. बारा खोक्यांच्या जागी एक. माझा पोरगा खूश, कारण लावायला दहा सेकंद. हे तुमच्या दादरवाल्यांना दाखवा. ‘पर्यावरण’ म्हणू नका, ‘लावायला सोपं’ म्हणा.

आंबापोळीच्या डब्यावरची फिल्म आजच्या आज काढा. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली त्यात मिठाईच्या डब्यावरची, आमंत्रणपत्रिकेवरची आणि सिगरेटच्या पाकिटावरची फिल्म स्पष्ट लिहिलेली आहे. आंबापोळी मिठाई की नाही, यावर इन्स्पेक्टरशी वाद घालायची हौस असेल तर ठेवा.

बाटल्या परत घेण्याबद्दल मात्र माझ्यासारख्यावर भिस्त ठेवू नका. २०१८ च्या महाराष्ट्राच्या बंदीत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परत द्यायची अट होती. माझ्याकडे ५० पैशांसाठी धुतलेली पिशवी घेऊन कुणी आलं नाही, आणि आलं असतं तर मी ती ठेवली कुठे असती? आगळाची बाटली तर चिकट, मुंग्या घेऊन येणार. परत घ्यायच्या तर तुम्ही स्वतः घ्या.

खरंतर

चर्चा छान आहे पण थोडं कडू बोलतो. एक गृहउद्योग हजार खोकी वाचवणार आणि तिकडे शाम्पूच्या, सॉसच्या, कॉफीच्या पुड्यांच्या लडी गावोगाव टांगलेल्या. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांत लिहिलं होतं की ज्याचा पुनर्वापर होत नाही असं बहुथरी वेष्टन दोन वर्षांत बंद करा. दोन वर्षं संपली तेव्हा, मार्च २०१८ मध्ये, शब्द बदलले. ‘पुनर्वापर होत नाही, किंवा जाळून ऊर्जा मिळत नाही, किंवा दुसरा काही उपयोग नाही’ असं लिहिलं, आणि व्यवहारात त्याचा अर्थ झाला की कशालाच उपयोगी नसेल तरच बंद. असं वेष्टन जगात उरतं कुठलं? सिमेंटच्या भट्टीत काहीही जळतं.

आणि कंपन्यांना जमत नाही असं नाही. चिक शाम्पूची गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात. १९८० च्या दशकात त्यांनी योजना काढली, कुठल्याही कंपनीच्या रिकाम्या शाम्पू-पुड्या आणा आणि चिकची एक पुडी फुकट न्या. पोरं गावभर पुड्या वेचत फिरली. पुढे म्हणाले फक्त चिकच्याच आणा, आणि खप वाढला. म्हणजे रिकामी पुडी परत आणण्याची युक्ती या देशात ४० वर्षांपूर्वी सापडली होती. पण ती खप वाढवण्यापुरती. खप वाढला, योजना गेली, पुडी राहिली.

तेव्हा ताई, तुम्ही का जीव टांगणीला लावताय?

वाशिष्ठीकाठ

@खरंतर, जीव वगैरे काही टांगलेला नाही, साडेआठ रुपये टांगलेत. मोठ्या कंपन्यांनी करावं हे खरं, त्यांच्यावर ओरडायलाही हवं. पण माझ्या पाकिटावर माझ्या सासूबाईंचं नाव आहे, कंपनीचं नाही. आणि तुम्ही म्हणता तसं ‘एकट्याने काय होतंय’ हे दादरवालेही म्हणाले, छपाईवालाही म्हणाला, खाकी पाकीटवालाही म्हणाला. तिघांनाही मला काहीतरी विकायचं होतं. तुम्हाला काय विकायचंय?

(रागावू नका, चिकची गोष्ट माहीत नव्हती, आवडली. जाऊबाई म्हणतात आपणही ‘पाच रिकामी पाकिटं आणा’ करू. मी म्हटलं आणलेली ठेवणार कुठे, वाणीकाकांच्या दुकानात?)

श्टुटगार्टकर

मूळचा सांगलीचा, बरीच वर्षं जर्मनीत. इथला एक नियम तुमच्या प्रश्नाला अगदी लागू आहे म्हणून सांगतो.

१९९१ मध्ये इथे वेष्टनांचा कायदा आला. त्यात वेष्टनाचे तीन प्रकार केले: वाहतुकीचं, आतलं विक्रीचं, आणि या दोहोंच्या मधलं, म्हणजे नुसतं दाखवायला असलेलं वरचं खोकं. हे मधलं खोकं गिऱ्हाइकाने दुकानातच काढून टाकायचं आणि दुकानदाराने ते ठेवून घ्यायचं, असा हक्क एप्रिल १९९२ पासून मिळाला. गल्ल्याजवळ पेट्या ठेवणं दुकानांना भाग पडलं. हा कचरा आपल्याच दारात साठतोय म्हटल्यावर दुकानदारांनी कंपन्यांना विचारायला सुरुवात केली की बाबांनो, हे खोकं हवंच आहे का? आज इथल्या दुकानात जा, बऱ्याच टूथपेस्ट, विशेषतः दुकानांच्या स्वतःच्या ब्रँडच्या, खोक्याशिवाय असतात. नळीचं टोपण रुंद आणि सपाट केलंय, नळी डोक्यावर उभी राहते. वाणीकाकांचा ‘उभं राहत नाही’ हा प्रश्न टोपणाने सोडवला.

बाटल्यांचंही तसंच. बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट, पाण्याच्या काचेच्या बाटलीवर १५, आणि एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत. म्हणजे टाकाऊ वस्तूची अनामत जास्त. रक्कम ५० पैशांसारखी असेल तर कुणी परत आणणार नाही, हे काकांचं निरीक्षण बरोबर आहे.

लगेच जर्मनीची आरती नको. काकडीला प्लॅस्टिकचा घट्ट अंगरखा मी इथेच पहिल्यांदा पाहिला. हॅम्बुर्गची ग्राहक संस्था दरवर्षी लोकांकडून मतं मागवून ‘वर्षातलं सर्वात फसवं वेष्टन’ जाहीर करते, आणि उमेदवारांची वाण पडत नाही. युरोपीय संघाचा नवा नियम २०२५ मध्ये आला, त्यात २०३० पासून ऑनलाइन पार्सलमध्ये निम्म्याहून जास्त जागा रिकामी चालणार नाही, असं आहे. आणि रिकाम्या जागेत भरलेला कागद, हवेच्या पिशव्या, थर्माकोल हेही रिकाम्यातच धरायचं. हे वाचून हसू आलं, कारण पळवाट आधीच ओळखून बुजवली आहे. आपल्याकडे हेच वाक्य उचलून नियमात घालायला हरकत नाही.

आंबापोळी कुरिअरने जर्मनीला पाठवता का? डबा नको, पाकीट चालेल.

ओलासुका

मी पुण्यात कचरावेचकांबरोबर काम करते. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते, त्यांच्या वर्गीकरणाच्या शेडमध्ये माझे बरेच तास जातात. तिथे जमिनीवर बसलेल्या मावशीला कुठलं पाकीट कुठल्या जातीचं ते हाताच्या स्पर्शाने कळतं. ती ते मुठीत चुरगाळते. चुरगाळून परत उलगडलं आणि कुरकुर वाजलं तर बाजूला फेकते, मऊ राहिलं तर पोत्यात टाकते. मऊ म्हणजे पॉलिथीन, त्याला भाव आहे. कुरकुरणारं म्हणजे वेफर्स-बिस्किटांचं जोडपाकीट, ते वेचण्यात तिचा वेळ जातो आणि हाती काही येत नाही. काही शहरांत कंपन्या पैसे देऊन ते गोळा करवतात, पण पैसे थांबले की गोळा करणं थांबतं.

म्हणून माझा सल्ला बोर्डदादांच्या पुढचा. वेष्टन निवडताना विचारायचं ते हेच, की चिपळूणचा भंगारवाला हे पैसे देऊन घेईल का. जाऊन खरंच विचारा, नमुने घेऊन. दुधाची पिशवी घेतो, पेटची बरणी घेतो, साधा पुठ्ठा घेतो. लॅमिनेशनचा पुठ्ठा घेतो पण हलक्या भावाने, कारण गिरणीत लगदा करताना ती फिल्म वर तरंगते आणि काढून टाकावी लागते. खिडकीवालं खोकं आणखी खाली. तेव्हा भेटीसाठी खोकं करायचंच असेल तर लॅमिनेशन काढा, नुसतं पाण्यातलं वॉर्निश मारा, खिडकीच्या जागी मेतकुटाचं चित्र छापा.

मेतकुटासाठी पेटची बरणी का नाही? वास अडवते, लोक धुऊन त्यात जिरे-मोहरी ठेवतात, आणि शेवटी भंगारात विकली जाते. जड आहे, पाकिटापेक्षा प्लॅस्टिक जास्त लागतं, हे मान्य. पण ते प्लॅस्टिक पेरूच्या फांदीवर जात नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. पाकिटाचा कोपरा फाडला की तो चिमुकला त्रिकोण कुठे जातो? दुधाच्या पिशव्या मोजून विकल्या जातात, पण हे त्रिकोण गटारात. पाकिटाला फाडायची खाच देता ना, ती अशा जागी द्या की फाडलेला तुकडा एका टोकाला चिकटून राहील. लेबलही कागदाचं नको. मऊ पॉलिथीनवर कागदी लेबल चिकटवलं की मावशीला ते खरवडत बसावं लागतं किंवा भाव कमी मिळतो. थेट पाकिटावर एका रंगात छापा.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचं वाचून, जाऊबाईंशी भांडून आणि भंगारवाल्याकडे नमुन्यांची पिशवी घेऊन जाऊन आले. त्याला वाटलं विकायला आणलंय. एकेक उचलून बघितलं. आमसुलांची जाड पिशवी, घेईन. पेटची बरणी, घेईन. खाकी पाकीट नखाने सोललं, न बोलता परत दिलं. दादरचं सोनेरी खोकं उलटसुलट करून म्हणाला, “आत काय होतं एवढं?”

दादरला फोन केला. वाणीकाकांनी सांगितल्याप्रमाणे पर्यावरणाचं नावही काढलं नाही. म्हटलं, बारा पाकिटांचा ट्रे देते, पोऱ्याला लावावं लागणार नाही, आणि खोक्याचे साडेआठ मी लावत नाही म्हणून तुम्हाला पाकिटामागे दोन रुपये जास्त सुटतील. ‘दोन रुपये’ ऐकल्यावर म्हणाले, गणपतीपर्यंत लावून बघू. भेटवाल्या गिऱ्हाइकांसाठी शंभरेक साधी खोकी मागितली, ती देणार, पण पाकिटाच्या मापाची. त्यांनी ‘थोडं मोठं’ म्हटलं. मी म्हटलं मग मेतकूटही थोडं जास्त भरते, भाव वाढवा. तिथे विषय संपला.

मेतकूट २०० ग्रॅम जोडपाकिटात, ५०० ग्रॅम बरणीत. कुळीथ आणि आमसुलं साध्या पॉलिथीनमध्ये, थेट छपाई. आंबापोळीच्या डब्यावरची फिल्म गेली. दोन पोळ्यांमधला कागद मात्र काढता येत नाही. जाऊबाईंनी केळीच्या पानाची सुचवणी केली, ती दोन दिवसांत बुरशीने मोडीत काढली. तेलकट कागद पोळीला चिकटतो. तिथे कुणाला काही सुचत असेल तर सांगा.

आगळाची बाटली फक्त आमच्या घरी आणि हायवेवरच्या एकाच दुकानात परत घेणार, दहा रुपये परत. मुंबईला जाणाऱ्यांकडून अपेक्षा नाही, पण आमचे निम्मे गिऱ्हाईक दर सुट्टीला याच रस्त्याने गावी येतात. पत्र्याचं झाकण गंजतं म्हणून ते नवीन लागणारच. कुरिअरला काच जाते तिथे फुगे-कागद बंद. भाताचा पेंढा आहे घरचा, उन्हात कडक वाळवून भरते. आंब्याच्या पेटीला तोच चालत आलाय. @श्टुटगार्टकर, तुम्हाला मात्र पेंढा पाठवता येणार नाही, परदेशी कस्टमला वाळलेलं गवत खपत नाही असं कुरिअरवाला म्हणतो. पोळी पाकिटातून येईल, पत्ता निरोपात कळवा.

बोर्डदादा, तुमच्या गल्ल्याची भरपाई: ट्रे तुम्हीच करून द्याल का? पाकीट भरल्यावर १२ सेंटीमीटर रुंद, १८ उंच, साडेतीन जाड.

बोर्ड_आणि_गोंद

देतो की. सहा-सहाच्या दोन रांगा, आतून साधारण २५ बाय २२, उंची साडेअठरा. बारा पाकिटांचं वजन अडीच किलोच्या आत, तीन प्लाय (तीन थरांचा पुठ्ठा) पुरे. पण चार ट्रे एकावर एक ठेवणार असाल तर सांगा, खालच्याला पाच प्लाय लागेल. पुढची पट्टी सहा सेंटीमीटर ठेवू, त्याहून उंच केली तर पाकिटावरचं नाव झाकलं जाईल. डायचा, म्हणजे कापायच्या साच्याचा खर्च एकदाच. छपाई एका रंगात, लॅमिनेशन नाही. ऑर्डर मे महिन्यात द्या, जूननंतर पुठ्ठा ओल धरतो आणि कापरेषा नीट फाटत नाही.